‘पुष्कर’ म्हणजे सारस? रविवारच्या कोड्यावरून

उभाआडवा: परवाच्या पुरवणीतलं कोडं, आडवा ७: ‘पाणथळीतला पक्षी, एक शहरही’, तीन अक्षरी. उत्तर छापलंय ‘पुष्कर’. शहर कबूल, अजमेरजवळचं. पण पुष्कर नावाचा पक्षी कुणी पाहिलाय का? चाळीस वर्षं कोडी सोडवतोय, ती तीन घरं रिकामी राहिली आणि उभा ९ पण अडला. कोडं रचणाऱ्यांनी मनाचे अर्थ काढू नयेत.

पेठेतली: ‘मनाचे अर्थ’ हे लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. अमरकोश, म्हणजे पाठ करायचा जुना संस्कृत शब्दकोश, त्यातला पशुपक्ष्यांचा सिंहादिवर्ग: ‘क्रुङ् क्रौञ्चोऽथ बकः कह्वः पुष्कराह्वस्तु सारसः’. पुष्कराह्व म्हणजे पुष्कर हे ज्याचं नाव आहे तो, अर्थात सारस पक्षी. आजोबांनी सहाव्या वर्षी ओसरीवर बसवून हे पाठ करून घेतलंय. ‘कह्वः’ला माझी जीभ अडखळायची, मग गुडघ्यावर टिचकी आणि ओळ पहिल्यापासून.
आणि गंमत पुढे आहे. पुष्कर म्हणजे कमळ. सारस म्हणजेही कमळ, त्याच कोशात: ‘पङ्केरुहं तामरसं सारसं सरसीरुहम्’. सरस् म्हणजे तळं, तळ्यातलं ते सारस, मग फूल असो की पाखरू. ब्रह्मदेवाच्या हातातलं कमळ पडून सरोवर झालं, अशी पुष्करची कथा; गावाचं नाव तिथून. एवढा सुंदर शब्द कोड्यात आला याचा आनंद मानायचा की भांडायचं?

नानार्थ: ताई, सोयीची ओळ दिलीत. त्याच कोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या विभागात, ‘पुष्कर’चे अर्थ मोजून दिलेत: हत्तीच्या सोंडेचं टोक, वाद्याचं तोंड, पाणी, आकाश, तलवारीचं पातं, कमळ, तीर्थ, औषधी. आठ. पक्षी कुठाय? शिवाय ‘पुष्कराह्व’ला अक्षरं चार. घरं तीन.

पेठेतली: ‘आह्व’ म्हणजेच नाव! ‘ज्याचं नाव पुष्कर’ म्हटल्यावर त्याचं नाव पुष्कर नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि तुमच्या आठांत तीर्थ आहेच, म्हणजे शहर तुम्हीच दिलंत.

भातशेत: मला वेगळाच राग आहे. शाळेत गुरुजींनी सारस म्हणजे ‘एक जातीचा बगळा’ असं लिहून दिलं होतं. अमरकोशकाराने बक वेगळा, क्रौंच वेगळा, सारस वेगळा सांगितलाय, आणि आपण सगळ्यांना बगळा करून टाकलं. मी मूळचा गोंदियाचा. बांधावर उभं राहून जोडी पाहिलीय: जवळजवळ माणसाएवढी उंची, लाल डोकं, नराने मान वर करून साद घातली की मादीची लगेच जोडीला. उडताना मान सरळ. बगळा मान मुडपून उडतो. आणि सारस झाडावर बसतच नाही, घरटं भातखाचरातच.

पर्वतीपायथा: मग आमची पुण्यातली सारसबाग? पेशव्यांच्या तळ्यात सारस असणारच, त्याशिवाय नाव पडेल का?

नानार्थ: पुरावा? पर्वतीच्या तळ्यातलं बेट होतं ते. सरस् वरून सारस, तळ्यातली बाग. सरळ आहे. पक्ष्याची काय गरज?

पर्वतीपायथा: माझ्या पणजीने सांगितलंय.

नानार्थ: पणजीने पाहिले होते का?

पर्वतीपायथा: पणजीपर्यंत जाऊ नका. तुम्ही पुण्यात आलात कधी?

फुलराणी५६: दोघांनीही आधी तिथे जाऊन या. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी बसवलेल्या बागेतल्या गणपतीला आम्ही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो आणि नातू विचारतो, आजी, तळं कुठाय? काय सांगू त्याला? तुम्ही पक्षी शोधताय, इथे तळंच नाही. मी लहानपणी पेशवे पार्कातल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसून आल्यावर आईचा हात धरून इथे यायची. आता रविवारी संध्याकाळी त्या गर्दीतून देवापर्यंत पोचायला अर्धा तास.

भातशेत: आजी, हेच. तळं गेलं की पाखरू जातं. आमच्याकडेही खाचरं बुजवली की जोडी दुसरीकडे जाते.

पर्वतीपायथा: बरं. पणजीचं ऐकीव आहे, मान्य. पण सारस नव्हतेच, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

नानार्थ: ते मीही म्हटलेलं नाही. पुण्यात आलात का, हे मात्र मागे घ्या. माझा जन्म सदाशिव पेठेतला.

पर्वतीपायथा: घेतलं.

उभाआडवा: मूळ प्रश्न कुणालाच आठवत नाही का? असो. घरी जुना संस्कृत-इंग्रजी कोश आहे, तो काढून पाहिला. ‘पुष्कर’खाली सारस पक्षी दिलाय. ताई, तुमचं बरोबर. तरी ‘संस्कृतात’ एवढा एक शब्द सूत्रात हवा होता, यावर मी ठाम आहे.

पेठेतली: तेवढं मलाही पटतं. उभा ९ काय आला?

उभाआडवा: ‘विहिरीवरचं चाक’. पुष्करचा र मिळाला आणि रहाट बसला.