किट कारला चार भोंगे कशाला? एक पेटी पुरे!

कॉव्हेंट्रीकर
दोन वर्षं गॅरेजात रखडलेली माझी किट कार (सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी) आता उभी राहिली आहे. लोटसने १९५७ मध्ये काढलेल्या सेव्हनच्या वळणाची ट्यूबची चासी, आत फोर्डचं दोन लिटरचं झीटेक इंजिन. आता प्रश्न हवेचा. इथली रीत अशी की मूळ मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) फेकायचा, ४५ मिमीच्या चार थ्रॉटल बॉडी (हवेच्या झडपा, दर सिलिंडरला एक) लावायच्या, त्यांचे हवा ओढणारे भोंगे बॉनेटच्या कडेतून बाहेर काढायचे आणि फोटो टाकायचे.

रस्त्यावर चालवायच्या गाडीला हा थाट फुकटचा आहे असं माझं मत. इंजिन १९८८ सीसीचं, दोन फेऱ्यांत एकदा भरणारं. म्हणजे ७००० आरपीएमला मिनिटाला फार तर ७००० लिटर हवा. एवढी हवा एक बऱ्यापैकी मोठा, शंकूसारखा कोन फिल्टर सहज देतो. घोडं अडतं ते उष्णतेपाशी. बॉनेटखाली तापमापक बांधून गावात फिरलो. बाहेर १९ अंश, सिग्नलला आत ५८. म्हणजे हवा जवळजवळ १२ टक्के विरळ! म्हणून एकच थ्रॉटल, त्याच्या तोंडाशी बंद पेटी, आणि पेटीला नळी थेट रेडिएटरच्या बाजूने पुढून. हवा मोजणारा मूळ सेन्सर राहतो, मूळ ईसीयूही (इंजिनाचा संगणक) राहतो.

भोसरीचा_फिटर
सपशेल असहमत. अहो, ५८ अंश उभ्या गाडीत भरले. सिग्नलला उभं राहून पूर्ण ताकद कोणाला हवी असते? गाडी पळताना किती भरतात ते सांगा, मग बोलू.

दुसरं म्हणजे चार थ्रॉटल ताकदीसाठी नसतातच, ते पायासाठी असतात. एका थ्रॉटलमागे मॅनिफोल्डची सगळी पोकळी आधी भरायची, मग हवा सिलिंडरला. चार असले की फुलपाखरू (थ्रॉटलची फिरती चकती) व्हॉल्व्हच्या दाराशीच. पाय हलला की गाडी हलली. साडेपाचशे किलोच्या गाडीत हीच तर मजा, नाहीतर सरळ सेकंडहँड हॅचबॅक घ्यायची होती. आणि भोंग्याची लांबी बदलून टॉर्क हवा तिथे आणता येतो: लांब नळी खालच्या आरपीएमला, आखूड वरच्या. पेटीवाल्यांना हे सुख कुठलं?

तात्या_कार्बवाले
दोघेही पैसेवाले दिसता. भंगारातल्या जपानी बाइकचे चार कार्ब (कार्बुरेटर) उचला, मॅनिफोल्ड वेल्ड करून घ्या, झालं. फक्त इंजेक्शनचा पंप ठेवू नका. तो तीन बारचा, कार्बला जेमतेम ०.२ बार लागतो. पेट्रोल रोखणारी कार्बमधली सुई उचलून पेट्रोल सगळीकडे. आमच्याकडे एकाने तो उद्योग करून झाला आहे (मी नव्हे).

विसाची_पोरं
आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीला नियमानेच सगळी हवा २० मिमीच्या एका भोकातून घ्यावी लागते. भोकात हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की पुढे कितीही ओढा, जास्त येत नाही. त्यामुळे आमची मारामारी पेटीवर. लहान केली की सिलिंडर एकमेकांची हवा चोरतात, मोठी केली की फिटरकाका म्हणतात तसा पाय सुस्त. काकांचा मुद्दा खरा आहे.

पण पुढून नळी घेतल्याने हवा "दाबून" आत जाते असं कॉव्हेंट्रीकरदादा म्हणणार असतील तर आत्ताच सांगते, ताशी १०० किमीला तो दाब अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. फायदा फक्त गारव्याचा.

कॉव्हेंट्रीकर
दाबाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता, तरी मान्य. फिटरसाहेब, परत मोजलं. हायवेला दहा मिनिटांनी आत २७. तेव्हा १२ टक्क्यांचा मुद्दा मी मागे घेतो, गावापुरता ठेवतो.

पण खर्चाचं काय? चार थ्रॉटल लावले की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमजोर आणि थरथरता होतो, म्हणून पेट्रोल किती सोडायचं त्याचा नकाशा थ्रॉटलच्या कोनावर बनवायचा. म्हणजे नवा ईसीयू आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एक दिवस. शिवाय इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) हात लागेल अशा बाहेरच्या कडेला किमान २.५ मिमीची गोलाई लागते. धारदार ओठाचे भोंगे घेऊन जा की.

भोसरीचा_फिटर
भोंग्यांवर फोमचा मोजा चढवा, कड झाकली. बाकी खर्चाचं म्हणाल तर किट कार बांधणाऱ्याने खर्चाचं नाव काढू नये.

धुळीचा_डॉक्टर
मोज्यावरून सांगतो. फोम भोंग्याच्या तोंडाला चिकटला तर हवा कोंडते, निदान अर्ध्या व्यासाएवढी जागा सोडा. आणि काही जण नुसती जाळी बसवतात! जाळी खडा अडवते, धूळ नाही. त्या धुळीने पिस्टनच्या रिंगा घासून गेलेली इंजिनं मी पुष्कळ उघडलीत. सिलिंडरच्या भिंतीवर हात फिरवला की कळतं. इंग्लंडात धूळ कमी म्हणून कोणी शहाणपण शिकवू नये, ट्रॅकवर रबराचा चुरा आणि वाळू असतेच. तेल लावायचा फिल्टर असेल तर तेल बेताने, नाहीतर ते सेन्सरच्या तारेवर बसतं. हे पेटीवाल्यांसाठी.

विसाची_पोरं
पेटी बसवल्यावर एक करा. इंजिन आयडलला ठेवून नळीचं तोंड सपाट पट्टीने झाका (हाताने नको). इंजिन बंद पडलं पाहिजे. आमच्या तपासणीत हेच करतात. चालू राहिलं तर कुठूनतरी न मोजलेली हवा शिरते आहे, मिश्रण पातळ होणार. आमची पहिली पेटी सांध्यातून शिट्टी मारत होती.

तात्या_कार्बवाले
कार्बच्या पेटीला आणखी एक भानगड. फ्लोट बाउलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) श्वासनळ्या पेटीतच उघडल्या पाहिजेत. आत एक दाब, बाहेर दुसरा, की मिश्रण बिघडलंच.

कॉव्हेंट्रीकर
पुठ्ठ्याची पेटी करून बसवून पाहिली. नळी छान बसली. बॉनेट लागत नाही, ११ मिमी कमी पडतात.

भोसरीचा_फिटर
मग कापा बॉनेट. भोंग्यांसाठी तेच कापायला नको होतं ना?