ब्लायइतकाच क्वीगही

'बाउंटी' जहाजावरच्या बंडाच्या चित्रपटांत 'म्युटिनी ऑन द बाउंटी'मधला चार्ल्स लॉटनचा १९३५ चा कॅप्टन ब्लाय सर्वोत्तम, असं एक मत आहे; ते मान्य. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो १९५४ च्या 'द केन म्युटिनी'मधला हम्फ्री बोगार्टचा कॅप्टन क्वीग. त्याच्याविरुद्धच्या बंडाच्या खटल्यात साक्ष देताना तो नकळत पोलादी गोळ्या काढून बोटांत फिरवू लागतो, स्ट्रॉबेरीच्या चोरीबद्दल बोलत सुटतो आणि एकदम भानावर येऊन गप्प होतो. त्या शांततेत त्याच्यावरचा सगळा राग विरतो, पोटात तुटतं. लॉटनच्या ब्लायची अशी कणव कधीच येत नाही.

बाकी 'बाउंटी'वरच्या १७८९ च्या बंडाच्या वेळी खरा ब्लाय अवघ्या ३४ वर्षांचा होता! याच बंडावरच्या १९६२ च्या चित्रपटात ब्लाय झालेला ट्रेव्हर हॉवर्ड पन्नाशीकडे झुकलेला. वयाने तरुण ब्लाय पडद्यावर बघायची फार इच्छा आहे.