मदत हवी आहे: सीईटीत उत्तम पर्सेंटाइल, पण अभियांत्रिकीच्या गणिताची तयारी कच्ची

नमस्कार. माझा भाचा राज्य मंडळाची बारावी उत्तीर्ण होऊन यंदा संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जाणार आहे. सीईटीतील पर्सेंटाइल पाहून घरचे निश्चिंत आहेत. मी मात्र नाही, म्हणून हा प्रश्न थोडा सविस्तर मांडतो.

सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे क्लासमध्ये सगळा भर वेगावर होता. इंटिग्रेशनचा प्रश्न आला की हा पठ्ठ्या दिलेल्या पर्यायांचेच डेरिव्हेटिव्ह काढून कोणता जुळतो ते पाहतो, नाहीतर एक्सची सोपी किंमत घालून पर्याय गाळतो. परीक्षेपुरते ते हुशारीचेच म्हणायला हवे. परंतु ‘ई’चा घात एएक्स गुणिले कॉस बीएक्स याचे इंटिग्रेशन मी पर्यायांशिवाय करायला सांगितले, तेव्हा सूत्र त्याने घडाघडा म्हणून दाखवले, बाय पार्ट्स दोनदा वापरल्यावर मूळ इंटिग्रल पुन्हा उजवीकडे येते आणि ते डावीकडे नेले की उत्तर मिळते, ही बारावीच्याच पुस्तकातील मांडणी मात्र त्याला जमली नाही. बोर्डाचा पेपर लेखी असतो हे खरे, पण तिथे ठरावीक सिद्धता पाठ करून भागते.

अकरावीचे तर विचारूच नये. सीईटीत त्या वर्षाचा वाटा सुमारे २० टक्के, तोही निवडक प्रकरणांचा, म्हणून ते वर्ष उरकले गेले. आता पुढे पार्शल डिफरन्सिएशन, टेलर मालिका, आयगेन व्हॅल्यू आणि फुरिये मालिका आहेत. फुरिये मालिकेचे गुणांक काढताना कॉस एन पाय ही किंमत एन सम असेल तर १ आणि विषम असेल तर उणे १ होते, हे पदोपदी लागते. कॉस १८० अंश विचारले तर तो क्षणात सांगतो. त्याजागी एन ठेवला की थबकतो.

महाविद्यालय सुरू व्हायला जेमतेम महिना आहे. अकरावी-बारावीची बालभारतीची पुस्तके हाताशी आहेत, पण सगळी नव्याने करणे शक्य नाही. माझ्या मते त्रिकोणमिती, लिमिट, फलने आणि संमिश्र संख्या आधी घ्यावीत. पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा क्रम योग्य वाटतो का? थेट पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडावे, असा सल्ला काहींनी दिला. मला तो पटलेला नाही, तरी कोणाचा अनुभव वेगळा असल्यास अवश्य लिहावे. शिवाय, एकेक पायरी कारणासह लिहून काढण्याची सवय या वयात कशी लावावी? मी स्वतः अभियंता असलो तरी मला शिकवण्याचा अनुभव नाही.

कृपया नव्या क्लासचे नाव सुचवू नये.