मदत हवी आहे: बाबा डायलिसिसवर, इकोमध्ये हृदयाची भिंत जाड आली, गोळ्यांचा घोळ

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, मानेवाड्याकडे राहतो. बाबा ६४ वर्षांचे, अडीच वर्षांपासून डायलिसिस सुरू आहे, सोम-बुध-शुक्र. परवा टू-डी इको केला तर एलव्हीएच निघालं, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड, १५ मिमी, पंपिंग मात्र ५५ टक्के म्हणजे ठीक आहे म्हणे.

आता हार्टच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन २५ मिग्रॅची गोळी लिहून दिली, किडनीवाले डॉक्टर सोमवारपर्यंत नाहीत, अन् सेंटरवरचा टेक्निशियन म्हणून राहिला की पोटॅशियम चढेल, विचारल्याशिवाय सुरू करू नका. मागच्या महिन्यात पोटॅशियम ५.८ म्हणजे जास्त होतंच, संत्र्यातही ते असतं अन् काटोलहून मामांनी मृगाची संत्री पाठवली होती, बाबांनी रात्री गच्चीवर बसून खाल्ली, सालं तुळशीमागे सापडली!

दुसरं, मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी सकाळी द्यायची का? दिली तर मशीनवर बीपी ९०, पायात गोळे. नाही दिली तर संध्याकाळी १८०. कोणाला अनुभव असेल तर सांगा न.

उत्तर: दादा, माझ्या आईचं पण हेच झालं होतं. मेटोप्रोलॉल मशीनमध्ये बरीच निघून जाते, त्याच गटातली कार्वेडिलॉल नाही जात, पण त्याने मशीनवर बीपी आणखी पडू शकतं, म्हणून गोळी अन् वेळ दोन्ही किडनीवाल्यांनाच ठरवू द्या, स्वतः बंद तर अजिबात करू नका, ही गोळी एकदम सोडणं वाईट. स्पायरोनोलॅक्टोनचं म्हणाल तर डायलिसिसवाल्यांवरचे दोन मोठे अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्यात हृदयासाठी फायदा दिसला नाही. त्यामुळे ५.८ चा रिपोर्ट दाखवून दोन्ही डॉक्टरांना आपसात बोलायला लावा, सोमवारची वाट न बघता आजच फोन करा. अन् खरं सांगू का, भिंत जाड होण्यामागे बीपी अन् अंगातलं जास्तीचं पाणी मोठं कारण असतं, रक्त कमी असेल तर तेही. दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतं?

धागाकर्ता: ताई, साडेतीन-चार किलो. उन्हाळा लागला न आता. स्टीलच्या ग्लासला आईने नेलपॉलिशची खूण केली आहे, तर हे माठातून ओंजळीने पितात.

उत्तर: मग ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर असायला हवं ते वजन, पुन्हा तपासायला सांगा, अन् आधी मीठ पाहा. लोणचं, पापड, चिवडा चालू असेल तर तहान थांबणारच नाही, कितीही खुणा करा. आमच्याकडे बर्फाचे छोटे खडे चालले, तेही मोजून.

धागाकर्ता: चिवडा रोज चालू आहे 🙏 फोन करतो आत्ताच.