शब्दचर्चा : ‘फ्लाइट’ला दरवेळी ‘उड्डाण’ चालेल का?

प्रश्न : एका अर्थविषयक लेखात ‘कॅपिटल फ्लाइट’साठी ‘भांडवलाचे उड्डाण’ असं वाचलं आणि खटकलं. योग्य शब्द कोणता?

उत्तर : खटकायलाच हवं. इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘फ्लाय’चा, म्हणजे उडण्याचा, दुसरा ‘फ्ली’चा, म्हणजे पळून जाण्याचा. पुढे दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एकच झाले, तरी चांगल्या कोशात त्यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. भांडवल देशाबाहेर पळतं, म्हणून तिथे ‘पलायन’च हवं. ‘फाइट ऑर फ्लाइट’ हाही पळण्याचाच. धोका दिसताच ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, पचन मंदावतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५च्या सुमारास या प्रतिक्रियेची मांडणी केली. ‘लढा किंवा पळा’ इतकं साधं मराठी तिला पुरतं.

आता विमानाकडे. ‘उड्डाण’ ही क्रिया झाली. ‘माझं उड्डाण चुकलं’ असं कुणी म्हणत नाही. आपण ‘फ्लाइट चुकली’ म्हणतो, ‘गाडी चुकली’सारखं, आणि स्त्रीलिंगीच. बातमीतसुद्धा ‘उड्डाण रद्द’पेक्षा ‘दिल्लीचं विमान रद्द’ मला जास्त मराठी वाटतं. एक जागा मात्र खरोखर जपायची : ‘डायरेक्ट फ्लाइट’ वाटेत एखाद्या विमानतळावर थांबू शकते, फक्त तिचा क्रमांक बदलत नाही. कुठेही न थांबणारी ती ‘नॉनस्टॉप’. दोन्हींना ‘थेट’ लिहिलं तर प्रवाशाची फसगत होते.

हवाई दलात ‘फ्लाइट’ हा स्क्वाड्रनचा पोटविभाग. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे एकच ‘ए फ्लाइट’ होती आणि तीत चार वापिटी विमानं. ‘फ्लाइट लेफ्टनंट’ हा हुद्दा भूदलातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा. त्याचं भाषांतर करू नये.

प्रश्न : आणि ‘फ्लाइट ऑफ फॅन्सी’? ‘कल्पनेची भरारी’ बरोबर ना?

उत्तर : शब्द सुंदर आहे, पण सूर बदलतो. मराठीत भरारी हे कौतुक असतं. इंग्रजीत हा प्रयोग बरेचदा ‘वास्तवाला सोडून’ अशा अर्थाने, थोड्या नापसंतीने येतो. तिथे ‘मनोराज्य’ किंवा ‘कल्पनाविलास’ जवळचा. कौतुक असेल तिथे भरारी खुशाल घ्यावी.

प्रश्न : जिन्याच्या फ्लाइटचं काय?

उत्तर : मध्ये खंड न पडता चढत जाणारी पायऱ्यांची रांग म्हणजे एक फ्लाइट. बांधकामावर ‘फ्लाइट’ आणि ‘लँडिंग’ (दोन रांगांमधली सपाट जागा) हेच शब्द ऐकू येतात. कथेत ‘दोन जिने चढून’ छान बसतं. ‘दोन मजले’ लिहिण्याआधी मात्र संदर्भ पाहावा, कारण मध्ये वळणाचं लँडिंग असेल तर एकाच मजल्याला दोन फ्लाइट लागतात.