मदत हवी आहे: आजोबांच्या दूधभेसळ खटल्याचे जुने कागद

मंडळी, सोलापुरात बाळे भागात आमच्या आजोबांचा गोठा होता. चार पंढरपुरी म्हशी, पितळी घागरी, गिरणीच्या चाळींत रतीब. गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक उतरवली, त्यात तीन गोष्टी निघाल्या.

कोर्टाची दंडाची पावती, मार्च १९५५, चाळीस रुपये. एका छापील कागदाचा अर्धा तुकडा. तारीख फाटलीय, "दूध, म्हशीचे" आणि खाली आजोबांचा अंगठा एवढंच धड दिसतं. आणि लाखेची मोहोर असलेली बाटली, तळाशी पिवळट खरवसासारखा थर.

आजी शेवटपर्यंत सांगायची, "दंड एकदाच झाला, तोही घागर विसळलेलं पाणी तळाला राहिलं म्हणून." (ही घागर प्रत्येक गवळ्याच्या घरी असावी.) हे सगळं एकाच खटल्यातलं का? कायदा कुठला, पीनल कोड? बाटली उघडून बघू का?

प्रतिसाद: बाटली अजिबात उघडू नका! नमुना नासू नये म्हणून त्यात फॉर्मालिन घालत, विषारी असतं.

पीनल कोडची २७२-२७३ कलमं १८६० पासूनची, पण त्यांना माल अपायकारक व्हावा लागायचा. आडाचं चांगलं पाणी घातलेलं दूध पातळ असतं, अपायकारक नव्हे. मुंबई इलाख्याचा वेगळा भेसळ कायदा १९२५ चा. केंद्राचा १९५४ चा कायदा लागू झाला १ जून १९५५ ला, म्हणजे पावती त्याआधीची, बहुतेक इलाख्याच्या कायद्याखालची. नव्या कायद्यात नमुन्याचे तीन भाग करून एक विक्रेत्याला देत. पण ही पद्धत विलायतेत १८७५ पासून होती, तेव्हा नुसत्या बाटलीवर जाऊ नका. फाटक्या कागदाच्या कोपऱ्यात 'फॉर्म ६' आहे का बघा. नमुना घेताना विक्रेत्याला द्यायची ती नोटीस, नव्या कायद्याच्या १९५५ च्या नियमांतली, म्हणजे पावतीनंतरची.

धागाकर्ता: आहे की हो! म्हणजे दोनदा सापडले?

प्रतिसाद: नमुना दोनदा घेतला, एवढंच. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. आणि लाख शाबूत आहे ना? अहवाल मान्य नसला की विक्रेत्याच्या अर्जावरून त्याची बाटली कोर्टामार्फत कलकत्त्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जाऊ शकायची. तुमची कुठं गेलेलीच दिसत नाही.

धागाकर्ता: मग आजीचं 'एकदाच' खरं असेल. आता बाटलीचं काय करू तेवढं सांगा, आई ती घरात ठेवू देत नाही.