गुण कमी आले म्हणून शिकवणं थांबवू नका

'बिम्स' (BIMS) या स्मरणशक्ती आणि भान तपासणाऱ्या छोट्या तोंडी चाचणीत १५ पैकी ७ किंवा कमी गुण, म्हणजे 'गंभीर' बिघाड, आला की त्या आजी-आजोबांना काही नवं शिकवण्यात अर्थ नाही, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. मी इथे अमेरिकेत नर्सिंग होममध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी) आहे आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना हेच आधी सांगते.

बिम्समध्ये आपण विचारतो काय? मोजा, निळा, पलंग हे तीन शब्द, वर्ष, महिना, वार. म्हणजे शब्दांची आठवण आणि काळाचं भान. हातांना काय येतं ते त्यात कळतच नाही. क्लॉडिया अ‍ॅलन या ऑक्युपेशनल थेरपिस्टची चामड्याच्या दोरीने टाके घालायची चाचणी म्हणून मला मोलाची वाटते: साधा धावदोरा, मग कडेवरून गुंडाळत जाणारा टाका, मग त्याहून अवघड. माणूस बघून शिकतो का, चूक त्याला स्वतःला दिसते का, हे डोळ्यांसमोर कळतं. (आधी चष्मा आणि कानातलं यंत्र लावलंय ना, हे बघा! ऐकूच न आल्याने किती जणांवर 'गंभीर'चा शिक्का बसतो.)

सवयीची स्मृती बरीच उशिरापर्यंत टिकते. 'उठण्याआधी काय करायचं?' हे आधी काही सेकंदांनी, मग मिनिटाने, मग दोन मिनिटांनी विचारत गेलं, आणि चूक होण्याआधीच 'ब्रेक लावा' हे उत्तर सांगितलं, तर व्हीलचेअरचा ब्रेक लावायला हात आपोआप जातो. नव्या थेरपिस्टांच्या प्रशिक्षणात हे प्रत्यक्ष करून घ्यायलाच हवं.